लाकडी मोटर यॉटचा आराखडा कसा जोखावा: खालून वर वाचण्याची पद्धत

आराखड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर असतं ते बाजूने काढलेलं चित्र. नाळ (बोटीचं पुढचं टोक) ऐटीत उचललेली, व्हीलहाऊसच्या (सुकाणूच्या खोलीच्या) खिडक्या किंचित पुढे झुकलेल्या, मागच्या डेकवर निवांत खुर्च्या. हे पान बाजूला ठेवा. फेकू नका, शेवटी लागेल, पण सुरुवात त्याने करू नका. मी बरीच वर्षं नेमकं उलटं करत होतो. चित्र मनात भरलं की आकडे त्याच्या बाजूने वळवून घ्यायचो. एकदा असाच एक देखणा आराखडा दोन महिने कवटाळून बसलो आणि मग हिशेब केला, तर इंधनाच्या टाक्या पूर्ण भरल्यावर चित्रातली जलरेषा (बोटीवर पाणी जिथवर यायला हवं ती रेषा) चक्क पाण्याखाली जात होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

म्हणून लाकडी क्रूझिंग मोटर यॉटचा आराखडा खालून वर वाचायचा. आधी वजन आणि पाण्याखालचा आकार, मग लाकडाची जोडणी, मग पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते, आणि बिछाने-स्वयंपाकघर अगदी शेवटी. त्यासाठी पट्टी, आलेख-कागद, कॅल्क्युलेटर आणि न लाजता प्रश्न विचारायची तयारी एवढं पुरतं.

पायरी १: आधी स्वतःचा प्रवास लिहून काढा

आराखडा चांगला की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी चांगला, ते आधी ठरवा. कागदावर पाच गोष्टी लिहा. रात्री किती माणसं झोपणार? इंधन न भरता जास्तीत जास्त किती सागरी मैल जायचं? पाणी कसलं, नदी-कालवा, आडोशाचा किनारा की खुला समुद्र? वेगाची खरी गरज किती? आणि बोट वर्षातले किती महिने पाण्याबाहेर राहणार? शेवटचा प्रश्न खास लाकडी बोटीसाठी आहे आणि तोच बहुतेक जण विसरतात. त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

युरोपातल्या नियमांनी लहान नौकांचे चार गट केले आहेत. ‘डी’ गट ब्यूफोर्ट मापाच्या (वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापाच्या) ४ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि ०.३ मीटर लाटांसाठी, ‘सी’ ६ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि २ मीटर लाटांसाठी, ‘बी’ ८ पर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि ४ मीटर लाटांसाठी. ‘ए’ त्याहून वरच्या हवामानासाठी. आराखड्यावर गट लिहिला असेल तर तो कोणत्या हिशेबावर दिला, हे विचारा. हिशेब नसेल आणि वर्णनात नुसतं ‘कुठेही नेता येईल’ असं असेल, तर ती जाहिरात समजा.

पायरी २: वजन

इथे घाई करू नका. बाकी सगळं वजनावर उभं आहे.

तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. त्या वजनाला विस्थापन म्हणतात. आराखड्यावर ते टनांत दिलेलं असतं, पण कोणत्या अवस्थेतलं? टाक्या रिकाम्या, अर्ध्या की भरलेल्या? माणसं आणि सामान धरून की वगळून? हा तपशील नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

उदाहरणासाठी एक बोट घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू. एकूण लांबी १३ मीटर, जलरेषेवरची लांबी १२ मीटर, रुंदी ४ मीटर, जलरेषेवर ३.७ मीटर, विस्थापन १५ टन. ही बोट हलकी की जड? जलरेषेच्या लांबीला १० ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा आणि टनांना त्याने भागा. १.२ चा घन १.७२८, आणि १५ भागिले १.७२८ म्हणजे साधारण ८.७. हा आकडा ५ च्या खाली असेल तर बोट हलकी, ७ ते १० मध्ये मध्यम, १२ च्या वर जड. लाकडात बांधलेल्या, सावकाश चालणाऱ्या क्रूझिंग बोटीला ७ ते १० चा पट्टा शोभतो. ५ च्या खालचा आकडा दिसला आणि बांधणी जुन्या पद्धतीच्या जाड फळ्यांची असेल, तर कुठेतरी आकड्यांची ओढाताण झालेली आहे.

आता दिलेलं विस्थापन खरंच त्या आकारात बसतं का, ते तपासा. रेषांच्या पानावर, म्हणजे बोटीचा आकार रेषांनी दाखवणाऱ्या पानावर, जलरेषेचे दहा समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक ठिकाणचा आडवा छेद काढलेला असतो. आलेख-कागदावर चौकोन मोजून प्रत्येक छेदाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ काढा. अकरा क्षेत्रफळांना क्रमाने १, ४, २, ४, २, ४, २, ४, २, ४, १ ने गुणा, बेरीज करा आणि दोन छेदांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याने गुणा. हा सिम्पसनचा नियम. उत्तर घनमीटरमध्ये येतं. समुद्राच्या पाण्यासाठी त्याला १.०२५ ने गुणलं की टन. आपल्या बोटीचं उत्तर १४.६ घनमीटरच्या आसपास यायला हवं. अर्धा टन इकडेतिकडे चालेल, कारण आपण हाताने मोजतोय. दोन-तीन टनांचा फरक आला तर आराखडाकाराला लिहा.

दुसऱ्या बाजूने वजनांची यादी मागा. लाकूड, इंजिन, टाक्या, बॅटऱ्या, नांगर-साखळी, छोटी होडी, फर्निचर, काच असं प्रत्येकाचं वजन आणि त्याची जागा त्यात हवी. ही यादीच नसेल तर त्या आराखड्याचं विस्थापन अंदाजपंचे आहे. यादी असेल तर त्यात राखीव वजन धरलंय का, ते बघा. बांधताना बोटी जड होतात, हलक्या होत नाहीत. शिवाय जुन्या पद्धतीची फळ्यांची बोट पाण्यात राहून पाणी पिते आणि तेवढी आणखी जड होते.

एक छोटा हिशेब फार उपयोगी पडतो. या बोटीचं जलरेषेवरचं क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस मीटर, म्हणजे प्रत्येक ३३० किलोला ती एक सेंटिमीटर खाली बसते. १,००० लिटर डिझेलचे ८४० किलो आणि ६०० लिटर गोड्या पाण्याचे ६०० किलो, मिळून जवळपास साडेचार सेंटिमीटर. त्यावर सहा माणसं आणि तीन आठवड्यांचं सामान चढवा. चित्रातली रंगवलेली रेषा तेव्हा कुठे असेल, ते पेन्सिलने आखून बघा. आणि टाक्या कुठे आहेत? सगळ्या मागे असतील तर भरल्यावर बोट शेपटीवर बसेल आणि रिकाम्या झाल्यावर नाक घालून चालेल. टाक्या मध्याच्या जवळपास असाव्यात आणि त्यांच्या आत द्रव अडवणारे पडदे असावेत, नाहीतर अर्धवट भरलेल्या टाकीतलं द्रव बोट कलली की त्याच बाजूला धावतं.

पायरी ३: वेग आणि इंधन

विल्यम फ्रूड यांनी १८७२ मध्ये टॉर्की इथे नमुना-नौकांच्या चाचणीसाठी मोठा हौद बांधला. वेग आणि लांबी यांचा संबंध त्यांच्याच प्रयोगांमुळे नीट कळला. पाणी कापत जाणारी बोट स्वतःची लाट उभी करते. लाटेची लांबी जलरेषेएवढी झाली की बोट त्या खळग्यात अडकते आणि पुढे प्रत्येक पाव नॉटसाठी (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) इंजिनाला घाम फुटतो. ही मर्यादा काढायला जलरेषेच्या मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ २.४३ ने गुणा. १२ मीटरला साधारण ८.४ नॉट. आरामात, कमी खर्चात चालायचा वेग हवा असेल तर वर्गमूळ २ ने गुणा: ७ नॉटपेक्षा थोडा कमी.

आपल्या १५ टनी बोटीला शांत पाण्यात ७ नॉटसाठी अंदाजे ३० किलोवॅट लागतील, ८.४ साठी ५० च्या आसपास. डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासाला ढोबळ पाव लिटर पितं. म्हणजे ७ नॉटला तासाला साडेसात लिटर, मैलाला लिटरभरापेक्षा किंचित जास्त, ८.४ नॉटला मैलाला दीड लिटर. पाचवा हिस्सा राखीव ठेवून १,००० लिटरमध्ये ७ नॉटने साडेसातशे सागरी मैलांचा पल्ला येतो. आराखड्यावर याच टाक्यांत दीड हजार मैल लिहिलेले असतील तर तो कोणता वेग धरून काढला, ते विचारा. उत्तर बहुतेक ‘पाच नॉट’ असं येतं.

समोरचा वारा आणि लाटा धरून इंजिन हिशेबाच्या दीडपट असावं, पण चौपट नको. अशा आकाराच्या बोटीला २०० किलोवॅटचं इंजिन दिलेलं दिसलं तर आराखडाकाराचा वेगाबद्दलचा निर्णय झालेला नाही एवढंच समजायचं. १५ नॉट हवेत? जरूर घ्या, पण मग बोट हलकी हवी, मागचा तळ सपाट आणि रुंद हवा, इंधन कितीतरी जास्त लागणार आणि लाकडाची बांधणीही वेगळी. लाटांवर आपटणाऱ्या तळाला साधी एकेरी फळी फार दिवस सांधे मिटून धरत नाही; तिथे दुहेरी तिरप्या फळ्या किंवा इपॉक्सीने (राळेच्या पक्क्या गोंदाने) थरांवर थर चिकटवलेला तळ लागतो.

पायरी ४: रेषा आणि डोलणं

रेषांचं पान नवख्याला जाळ्यासारखं वाटतं. त्यात तीन दृश्यं असतात: बाजूने, वरून, आणि पुढून-मागून दिसणारे छेद. पान डोळ्यांच्या पातळीला धरा आणि रेषेच्या टोकाकडून तिच्या बाजूने नजर फिरवा. कुठेही उगाच फुगवटा किंवा खळगा दिसायला नको. लाकडी फळी त्या रेषेवरून वाकवायची आहे. कागदावर अडखळणारी रेषा फळीवर हट्टाने तशीच उतरते.

सगळ्यात आधी पिछाडी बघा. ७-८ नॉटच्या बोटीचा मागचा सपाट भाग पाण्यात खोल बुडलेला असेल तर ती आपल्यामागे पाण्याचा खड्डा ओढत जाते आणि इंधन फुकट जातं. सावकाश बोटीचा तळ मागे हळूहळू वर यायला हवा. मग नाळ बघा. तीक्ष्ण नाळ लाटेत सुंदर शिरते, पण तिच्या मागे अतिशय रुंद पिछाडी जोडली असेल तर मागून येणारी लाट पिछाडी उचलते, नाळ पाण्यात रुतते आणि बोट आडवी फिरायला बघते. दोन्ही टोकांच्या रुंदीचा आपसात समजूतदारपणा हवा. कील, म्हणजे तळाच्या मधोमध जाणारा कणा, लांब असावी, तिने प्रॉपेलर झाकावा, सुकाणूला खालून आधार द्यावा. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्याची बोट कधी ना कधी गाळावर बसतेच. तेव्हा पहिला धक्का कीलने घ्यायचा, प्रॉपेलरने नाही.

स्थैर्याचा विषय मोठा आहे, आणि अंतिम हिशेब प्रशिक्षित नौकारचनाकारानेच करावा. पण दोन चाचण्या तुम्हीही करू शकता. पहिली कागदावर: बाजूच्या चित्रात जलरेषेच्या वर दिसणारं सगळं क्षेत्रफळ मोजा आणि त्याला पाण्याखालच्या क्षेत्रफळाने भागा. १९६३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘पॅसेजमेकर’ या मोटर यॉटचे रचनाकार रॉबर्ट बीबी यांनी लांब पल्ल्याच्या बोटींसाठी या गुणोत्तरावर भर दिला. महासागर ओलांडायचा असेल तर ते अडीचच्या आसपासच थांबावं. किनाऱ्याच्या बोटीत थोडं जास्त चालतं. पण दुमजली घर, वर छत, त्यावर आणखी एक सुकाणू अशी चढाओढ असेल तर वारा त्या बोटीला पाठीत हात घालून ढकलणार.

दुसरी चाचणी पाण्यावर, आराखड्याप्रमाणे बांधलेली बोट सापडली तर. दोर सैल सोडा, काठावर उभं राहून तिला लयीत हलवा आणि दहा झोके मोजा. एका पूर्ण झोक्याला, म्हणजे एका बाजूकडून निघून परत त्याच बाजूला यायला, जितके सेकंद लागतात ते बोटीच्या मीटरमधल्या रुंदीच्या आसपास असावेत. ४ मीटर रुंदीला ४ सेकंद. ३ हून कमी असेल तर ती ताठ आहे, समुद्रात झटके देईल. ६ च्या पुढे गेलं तर झोका सुखाचा वाटेल, पण तीच काळजीची गोष्ट, कारण सरळ होण्याची ताकद तिच्यात कमी आहे. नवखे लोक नेमक्या याच बोटीला ‘किती शांत’ म्हणतात.

पायरी ५: लाकूड कसं जोडलंय

फायबरग्लासच्या बोटीत साच्यातून निघालेलं अखंड कवच हाच मुख्य आधार. लाकडात मात्र शेकडो तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून कोणतं लाकूड याआधी कुठे आणि कसं जोडलंय, हे बघा.

बांधणीची पद्धत आधी ओळखा. फळीला फळी टेकवून मधल्या फटींत कापसाचा पीळ ठोकायची पद्धत जुनी आणि दुरुस्तीला सोपी. तिचं तत्त्व असं की लाकूड ओलं झालं की आडवं फुगतं आणि फटी आपसूक मिटतात. उभ्या दिशेने ते जवळजवळ फुगत नाही. पण हीच बोट सहा महिने कोरड्या जागी ठेवली की फळ्या आकसतात, आणि परत पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस पंप चालू ठेवावा लागतो. पहिल्या पायरीतला पाचवा प्रश्न यासाठी होता. बोट बराच काळ बाहेर राहणार असेल तर पट्ट्या किंवा पातळ थर इपॉक्सीने चिकटवून केलेला तळ, किंवा सागरी प्लायवूडची बांधणी बरी. प्लायवूड असेल तर आराखड्यात ‘बीएस १०८८’ या सागरी प्लायवूडच्या ब्रिटिश दर्जाचा उल्लेख हवा. ‘चांगलं वॉटरप्रूफ प्लाय’ एवढ्यावर भागत नाही.

बांधकामाच्या पानावर कील आणि फासळ्या जिथे भेटतात ती जागा शोधा. डाव्या-उजव्या फासळीला कीलवरून आडवा जोडणारा जाड तुकडा असतो. बांधणारे त्याला फ्लोअर म्हणतात, पण पाय ठेवायच्या फळीशी त्याचा संबंध नाही. बोटीचे दोन अर्धे यानेच धरलेले असतात. जवळपास प्रत्येक फासळीला तो हवा, इंजिनाखाली आणि मधल्या भागात तर नक्कीच. काही आराखड्यांत जागा वाचवायला तिथेच गाळलेला असतो. मग डेकवर या. मोठ्या केबिनसाठी डेकचा मधला भाग कापला की त्याला तोलणाऱ्या आडव्या तुळया तुटतात. तुटलेल्या तुळयांची टोकं एका दणकट लांब तुळईत बसवलेली आहेत का? केबिनच्या कोपऱ्यांत जादा मजबुती आहे का? इंजिनाचे लाकडी ओंडके बरेच पुढे-मागे जाऊन आडभिंतींत अडकलेत, की इंजिनाच्या लांबीएवढेच आखूड आहेत? फळ्यांचे टोकाचे सांधे पायऱ्यासारखे एकाआड एक आहेत, की शेजारशेजारच्या फळ्या दोन फासळ्यांमधल्या एकाच गाळ्यात जोडल्यात?

खिळे-स्क्रू हा स्वतंत्र विषय, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. जलरेषेखाली पितळेचे स्क्रू नकोत. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ तांब्याचा सांगाडा. सिलिकॉन ब्राँझ किंवा तांब्याचे रिव्हेट हवेत. स्टेनलेस स्टीलचं नाव ऐकून निर्धास्त होऊ नका, ओल्या लाकडात हवेशिवाय अडकलं की तेही आतून खड्डे पडून झिजतं. आणि जस्ताचे संरक्षक तुकडे (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे) जितके जास्त तितके बरे, हा समज लाकडी बोटीत घातक. संरक्षण अति झालं की ब्राँझच्या फिटिंगभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड मऊ पडतं. धातू नवाकोरा, भोवतीचं लाकूड कापसासारखं! आराखड्यात प्रत्येक धातूची वस्तू तारेने एकमेकींना जोडलेली दाखवली असेल तर कारण विचारा.

पायरी ६: पावसाच्या थेंबामागे जा

मला विचाराल तर लाकडी बोटीचा आराखडा इथेच पास किंवा नापास होतो.

लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे खारं पाणी, अशी समजूत असते. जलरेषेखाली लाकूड पोखरणारे जीव असतात, हे खरं, पण तिथे रंग आणि नियमित देखभाल कामाला येते. बोट कुजवतं ते बहुतेक वेळा वरून येणारं गोडं पाणी. कूज ही बुरशी आहे. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला की ती वाढत नाही. ओलावा त्याच्या बराच वर गेला, हवा कोंडली, ऊब मिळाली की ती कामाला लागते. मीठ तिला फारसं मानवत नाही, पावसाचं पाणी मात्र मानवतं.

म्हणून डेकचं पान पुढ्यात घ्या, पेन्सिलचं टोक व्हीलहाऊसच्या छपरावर ठेवा आणि स्वतःला थेंब समजा. छप्पर उतरतं आहे का? पाणी कडेला येऊन थेट डेकवर पडतं, की खिडकीच्या चौकटीवर? खिडकीच्या खालच्या चौकटीला बाहेरच्या बाजूला उतार आणि थेंब तोडणारी खाच आहे का, की ती सपाट आहे? सपाट चौकट म्हणजे काही वर्षांत बदलायची चौकट. डेकला मधून कडेकडे उतार आहे का? पुढे-मागे सगळ्यात खोलगट बिंदू कुठे येतो आणि बरोब्बर तिथेच पाणी जायला भोक आहे का? मी पाहिलेल्या अनेक आराखड्यांत भोकं चित्रात शोभतील अशी समान अंतरावर असतात आणि सगळ्यात खोल जागा दोन भोकांच्या मध्ये येते.

डेकचं साहित्यही इथेच तपासा. प्लायवूडवर सागवानी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या डेकला पाय लागला की मन हरखतं. पण एकेका स्क्रूसाठी प्लायवूडमध्ये एकेक भोक पाडलेलं असतं, हजारोंनी. पट्ट्यांमधला भराव म्हातारा झाला की प्रत्येक भोक पाणी आत नेतं, आणि वरून काहीच दिसत नाही. प्लायवूडवर काचकापड आणि इपॉक्सी, वर रंग, असा साधा डेक दिसायला गरीब पण टिकायला शहाणा. मात्र हाच उपाय जुन्या पद्धतीच्या फळ्यांच्या तळावर करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्या फळ्या हलतात, फुगतात. वरचा थर फाटतो आणि आत पाणी कोंडतं.

थेंब आत शिरलाच तर? शिरणारच, तेव्हा बाहेर यायची वाट हवी. कीलजवळच्या प्रत्येक आडव्या तुकड्याला तळाशी पाणी वाहायला खाच हवी, म्हणजे पाणी पंपापर्यंत पोचेल. आणि हवा? बाजूच्या आतल्या अस्तराच्या फळ्या वरपर्यंत घट्ट मिटवलेल्या नकोत. वर-खाली फट हवी म्हणजे फासळ्यांमागे वारा खेळतो. कपाटांच्या दारांना जाळ्या हव्यात. नाळेच्या टोकाची साखळीची खोली आणि पिछाडीचे दोन कोपरे, या तीन जागांना हवा कुठून मिळते ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बंद बोटीतही हवा आत घेणारी, पण पाणी गाळून ठेवणारी डेकवरची पेटी १९३० सालच्या ‘डोराड’ या शिडाच्या यॉटच्या नावाने ओळखली जाते. मोटर यॉटच्या आराखड्यातही अशा दोन-चार पेट्या दिसल्या की मला आराखडाकाराबद्दल विश्वास वाटू लागतो.

पायरी ७: इंजिनापर्यंत हात पोचतो का

कागदी माणूस कापा, आराखड्याच्या प्रमाणात, आणि त्याला इंजिनाच्या खोलीत बसवून बघा. इंधनाची गाळणी, समुद्राच्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र), प्रॉपेलरच्या दांड्याचं पाणीबंद सील, तळातल्या प्रत्येक भोकाची झडप. या चारही ठिकाणी त्याचा हात आणि डोळा दोन्ही पोचले पाहिजेत, तेही दोन्ही बाजूंनी. इंजिन कधीतरी बाहेर काढावं लागणार. डेकमधून सुटणारं झाकण तेवढं मोठं आहे का, की करवत चालवावी लागेल? इंधनाची टाकी गळली तर बोट न फोडता निघेल का? इंजिनाखाली धातूचा ट्रे दाखवलाय का? तेलाने माखलेल्या लाकडाला पुढे ना रंग धरतो ना गोंद.

पायरी ८: आता ते पहिलं पान काढा

बिछाना २ मीटर लांब आणि निदान ६५ सेंटिमीटर रुंद हवा. स्वयंपाकाची जागा बोटीच्या मध्याजवळ, जिथे हालचाल कमी. चालताना प्रत्येक पावलावर हाताला पकड मिळावी. बाजूच्या डेकवरून दोर हातात घेऊन तिरकं न होता चालता यावं आणि सुकाणूपासून नाळेचं टोक दिसावं. बाकी रंग, गाद्या, नक्षी तुमची आवड.

मोह एकच टाळा. आतल्या उंचीसाठी केबिनचं छप्पर वीस सेंटिमीटरने उचलायचं सगळ्यांनाच सुचतं. त्या वीस सेंटिमीटरने भारकेंद्र वर जातं, वाऱ्याला धरायला जागा वाढते आणि पायरी ४ मध्ये काढलेलं गुणोत्तर बिघडतं. काही बदलायचं असेल तर आराखडाकाराकडूनच बदलून घ्या, सुताराकडून नाही.

पायरी ९: त्याच आराखड्यावर बांधलेली बोट शोधा

कागदावर जे कळायचं ते एव्हाना कळलेलं असतं. उरलेलं लाकूड सांगतं. शक्य तितकी जुनी बोट शोधा; दोन वर्षांच्या बोटीवरून फक्त वार्निश कळतं. ग्रँड बँक्स या मोटर यॉट १९७३ पर्यंत लाकडात बनत असत, आणि त्यांतल्या अनेक आजही चालत्या आहेत. अशी जुनी बोट हात लावून पाहिली की डेकचे सांधे, खिडक्यांचे कोपरे आणि पिछाडी कशी म्हातारी होते, ते कुठल्याही आकृतीपेक्षा स्पष्ट दिसतं.

बोट बघायला रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी जा. तळाचं झाकण उघडून नाक आत घाला. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास चालेल. ओल्या पालापाचोळ्यासारखा, अळंब्यांसारखा कुबट वास आला तर तो कोणत्या कोपऱ्यातून येतोय ते शोधा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि पिछाडीच्या टोकांवर बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज हवा, दबका नको. मालकाला मात्र एवढंच विचारा की जोराचा पाऊस लागला की बादली कुठे ठेवता. बहुतेक जण हसतात आणि थेट त्या जागेकडे चालू लागतात. ती जागा आपल्या आराखड्यावर पेन्सिलने गोल करून ठेवा. आराखडाकाराला पुढचं पत्र लिहाल तेव्हा पहिला प्रश्न त्या वर्तुळाबद्दल विचारा.